दोन रेघांचे दोन आठवडे

माझं काम बोलण्याचं आहे. अंधेरीच्या एका दवाखान्यात, एक्स-रेच्या खोलीला लागून, एचआयव्ही तपासणीचं केंद्र आहे. तिथे मी समुपदेशक आहे. रक्त द्यायच्या आधी माणसाशी बोलायचं आणि रिपोर्ट आला की पुन्हा बोलायचं. रक्त काढायचं काम आमच्या टेक्निशियनचं. तो माझ्यापेक्षा बराच लहान, मुलुंडहून येतो, मला ताई म्हणतो आणि दिवसातून चार वेळा मला चहा सोडायला सांगतो.

बोलण्याचं काम सोपं वाटतं, पण बोलायला समोर माणूस तरी यायला हवा. आमचं केंद्र सकाळी उघडतं आणि दुपार कलली की बंद होतं. ज्यांनी तपासणी करावी म्हणून आम्ही जिवाचा आटापिटा करतो, त्यातले निम्मे तेव्हा रात्रभर जागून नुकते झोपलेले असतात. आलेच तर नाव खोटं सांगतात, फोन नंबरातला एखादा आकडा बदलतात आणि रिपोर्ट न्यायला फिरकत नाहीत. संसर्ग नुकताच झाला असेल तर तपासणीत तो लगेच दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी परत या, असं मी प्रत्येकाला सांगते. एकदा एक मुलगी हसून म्हणाली होती, "तीन महिन्यांनी मी कुठल्या गावात असेन ते मलाच माहीत नाही, मॅडम."

दिंडोशीच्या मागे, डोंगराच्या उतारावरच्या वस्तीत हिजड्यांचं एक घर आहे. खाली दोन खोल्या, वर पत्र्याचा माळा. त्या घरातून आमच्याकडे कधीच कोणी येत नव्हतं. मी तीन-चार वेळा जाऊन आले. चहा मिळायचा, गप्पा व्हायच्या, पण तपासणीचं नाव काढलं की सगळ्या एकमेकींकडे बघायच्या. एकीने मला सरळ सांगितलं, "दवाखान्यात गेलं ना, की पहिले केसपेपरवाला विचारतो, बाईच्या लाइनीत की पुरुषाच्या? मग सगळी लाइन मागे वळून बघते. त्यापेक्षा आजार बरा."

त्या घराच्या गुरूला सगळे मावशी म्हणत, मीही म्हणायचे. मावशी साठीच्या पुढच्या, मूळच्या मालवणकडच्या. लहानपणीच मुंबईला आलेल्या, पण जीव लावून किंवा चिडून बोलायला लागल्या की मालवणीत जात. त्यांच्या मनात वेगळीच अढी होती. पूर्वी कुठल्या तरी लोकांनी येऊन सगळ्यांचं रक्त नेलं होतं आणि नंतर कोणी परत आलं नव्हतं. कोणाला काय झालंय, काही झालंय की नाही, काहीच कळलं नाही. पण वस्तीत मात्र बोभाटा झाला की त्या घरात 'ती बीमारी' आहे. पुढे कितीतरी दिवस लोकांनी त्यांना बारशाला बोलावलं नाही.

म्हणून आम्हीच त्यांच्याकडे जायचं ठरवलं. आता बोटाला टोचून थेंबभर रक्तावर पहिली तपासणी करता येते. एक छोटी पट्टी असते, थोड्या वेळात त्यावर रेघ उमटते. एक रेघ आली तर काळजी नाही. दोन आल्या तर दवाखान्यात येऊन हातातून रक्त द्यायचं आणि वेगवेगळ्या किटवर पक्की तपासणी करायची. मी वरच्या डॉक्टरांकडून परवानगी काढली आणि एका शनिवारी दुपारी, त्यांची झोप झाल्यावर, मी आणि टेक्निशियन पेटी घेऊन तिथे पोचलो.

सगळ्या जमल्या होत्या. काहींचे केस ओले होते, एक जण नखांना रंग लावत होती. माळ्यावर जायच्या जिन्याखाली आम्ही साडीचा आडपडदा बांधून घेतला. मी माझं नेहमीचं बोलणं सुरू केलं. घाबरू नका, कोणाचं नाव बाहेर जाणार नाही, टोचल्याचं कळणारही नाही. मावशी उंबऱ्याजवळ खुर्ची टाकून ऐकत होत्या. माझं बोलणं संपल्यावर त्या म्हणाल्या,

"काय गो बाय, तू आमच्या रगताच्या मागे लागलंस. तुझा रगात कधी तपासलंस?"

मी म्हटलं, "हो मावशी, बाळंतपणाच्या वेळी झाली होती तपासणी."

"तुझा पोरगा केवढा आता?"

"कॉलेजला जातो."

सगळ्या खो-खो हसल्या. मावशी हसल्या नाहीत. "आदी तू बस. मगे आमी बघू."

मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट बरंच वाटलं, कारण इतक्या खटपटीनंतर आता काम होणार होतं. मी पदर सावरून पडद्याआड बसले आणि बोट पुढे केलं. बाहेरून एकीने विचारलं, "दुखलं का मॅडम?" मी ओरडून सांगितलं, "मुंगी चावल्यासारखं!" मग मी आणि टेक्निशियन त्याच्या बहिणीच्या लग्नाच्या हॉलबद्दल बोलत बसलो. घाटकोपरचा हॉल बरा की मुलुंडचा, असं काहीतरी चाललं होतं. बोलता बोलता तो गप्प झाला. मी पट्टीकडे पाहिलं. दोन रेघा होत्या.

मी हजारो पट्ट्या पाहिल्या असतील. तरी मला आधी वाटलं, ही दुसऱ्या कोणाची तरी आहे.

"किट खराब असेल, ताई," तो पुटपुटला आणि त्याने नवीन किट फोडलं. पुन्हा टोचलं. आम्ही दोघंही पट्टीकडे बघत बसलो. दुसरी रेघ पुन्हा आली, फिकट होती, पण होती. आता त्याला मला काहीतरी सांगणं भाग होतं. तो म्हणाला, "ही फक्त पहिली तपासणी आहे. यावरून काही ठरत नाही. पक्की तपासणी होईपर्यंत आपण काही समजायचं नाही."

हे वाक्य मीच त्याला शिकवलं होतं. रुजू झाला तेव्हा मी ते त्याच्याकडून म्हणवून घेतलं होतं. वाक्य अगदी बरोबर होतं, आणि मला त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. मला फक्त त्याच्या शर्टाचं बटण दिसत होतं.

बाहेर त्या सगळ्या वाट बघत होत्या. काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण मावशींनी माझं तोंड पाहिलं आणि त्यांना कळलं, हे मला दिसलं. मी म्हटलं, "मला सोमवारी पुढच्या तपासणीला जावं लागणार आहे."

मला वाटलं, संपलं, आता इथे कोणी बोट पुढे करणार नाही. मावशी उठल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून घरातल्यांकडे वळल्या.

"मॅडमाक पण सोडल्यान नाय. म्हणजे ह्या खोटा नाय. चला, बसा एकेक जणी."

आणि त्या स्वतः पडद्याआड जाऊन बसल्या. मागोमाग बाकीच्याही आल्या. दोघी मात्र शेवटपर्यंत तयार झाल्या नाहीत, त्यांच्यावर आम्ही जोर केला नाही. मी माझं काम करत राहिले. एकेकीशी बोलले, एकेकीला निकाल सांगितला. कसं जमलं कोण जाणे. हातात काम होतं हे एक बरं झालं.

घरातला स्वयंपाक सांभाळणारी एक होती, चाळिशीची, अंगाने उंच, सोलापूरकडची. तिच्या पट्टीवर दोन रेघा आल्या. मी तिला तेच सांगायला सुरुवात केली, ही फक्त पहिली तपासणी आहे, आणि मध्येच थांबले. ती माझ्याकडे बघत होती.

"सोमवारी तुम्ही जाणारच आहात ना?" ती म्हणाली. "मग सोबत जाऊ."

घाटकोपरला घरी पोचले तेव्हा मिस्टर साकीनाक्याहून नुकतेच आले होते. तिथे एका गाळ्यात ते लेथवर काम करतात. शनिवारी लवकर सुटतात. मोरीत हातावरचं ग्रीस धूत होते. मी तिथेच उभी राहून त्यांना सांगितलं. त्यांनी नळ बंद केला, पण हात तसेच साबणाचे राहिले.

"पण असं कसं?" ते म्हणाले.

"माहीत नाही."

समोर जोडपं बसलेलं असलं की मी नेहमी सांगते, कुठून आलं, कोणामुळे आलं हे आज विचारू नका, आज पुढचं बघा. पण माझ्या मनात त्या क्षणी तोच प्रश्न आला. यांच्याकडून? आणि त्यांच्याही मनात तो आला असणार, कारण ते माझ्याकडे न बघता साबणाच्या वडीकडे बघत होते. इतकी वर्षं संसार केलेली दोन माणसं मोरीच्या दारात उभी होती, आणि मध्ये हा प्रश्न.

"विचारायचं असेल तर विचार," ते म्हणाले.

"तुम्हीपण विचारा."

"मला काही विचारायचं नाही."

"मलापण नाही."

"मग ठीक आहे," ते म्हणाले आणि नळ सुरू केला. मग पाठमोरेच बोलले, "मी येतो सोमवारी. माझीपण करून टाकू."

मला हसू आलं आणि रडूही आलं. त्यांनी टॉवेल माझ्याच खांद्यावर टाकला. मुलाला मात्र इतक्यात काही सांगायचं नाही, असं आम्ही ठरवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही नेहमीसारखे विहारात गेलो, वंदनेला बसलो. दुपारी मी भरल्या वांग्यासाठी वांगी चिरताना बोट कापून घेतलं. विळी बाटल्यासारखी मी ती दूर ढकलली. अशी भीती घेऊन येणाऱ्या किती बायकांना मी समजावलंय, की घरात सोबत राहून, सोबत जेवून, भांडी वापरून काही होत नाही. मी ती विळी धुतली, पुसली, पुन्हा धुतली. मिस्टरांनी माझ्या हातातून घेतली आणि उरलेली वांगी स्वतः चिरली. वाकडी-तिकडी चिरली. भाजी मात्र बरी झाली.

सोमवारी मी माझ्या केंद्रात नाही गेले. तिथे रजिस्टर मीच लिहिते. म्हणून टेक्निशियनने दुसऱ्या एका मोठ्या रुग्णालयात बोलून ठेवलं होतं. मी, मिस्टर आणि ती सोलापूरकडची, असे तिघं बाकावर बसलो. तिने साधी सुती साडी नेसली होती आणि डब्यात शेंगदाण्याची पोळी आणली होती. केसपेपरच्या खिडकीशी तिला जे विचारायचं ते विचारलंच, लाइनही वळली. मिस्टर उठून तिच्या मागे जाऊन उभे राहिले. काही बोलले नाहीत, नुसते उभे राहिले. ती परत येऊन बसली आणि हळूच मला म्हणाली, "मॅडम, तुमचे साहेब चांगले आहेत."

"साहेब नाहीत हो, लेथवर असतात."

"लेथवरचे साहेब," ती म्हणाली आणि डबा उघडून त्यांच्यापुढे धरला.

दुपारी निकाल आले. मिस्टरांचा निगेटिव्ह. तिचा तिन्ही किटवर पॉझिटिव्ह, स्पष्ट. माझा मात्र अधांतरी. एका किटवर होय, दुसऱ्यावर नाही, तिसऱ्यावर पुन्हा फिकट होय. तिथल्या डॉक्टर बाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी समजावलं, "पहिली तपासणी मुद्दाम संशयी ठेवलेली असते. खरा आजार निसटू नये म्हणून ती कधी कधी नसलेलाही दाखवते. रक्तातलं दुसरंच काहीतरी किटला चिकटतं. तुम्हाला हे माहीतच आहे. दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त द्या."

मला माहीत होतं. मी हेच लोकांना सांगते.

बाहेर आल्यावर आम्ही तिघं पायरीवर बसलो. तिला धीर द्यायचा तो मी द्यायचा होता. पण तीच म्हणाली, "माझं तरी कळलं. तुमचं लटकलं. लटकणं वाईट." मग तिने डोळे पुसले, माझे नाही, स्वतःचे, आणि विचारलं, "गोळ्या कुठे मिळतात ते दाखवा मला. आजच दाखवा, उद्या माझी हिंमत व्हायची नाही."

आम्ही त्याच आवारात औषधाच्या केंद्रात गेलो. तिची नोंद केली, रक्ताच्या बाकीच्या तपासण्या सांगितल्या होत्या त्याही केल्या. सगळं होईपर्यंत संध्याकाळ झाली. मिस्टरांनी त्या दिवशी खाडा केला, पण कुरकुर केली नाही.

पुढचे दोन आठवडे मी रजा घेतली नाही. केंद्रात बसले, लोकांशी बोलले. फरक एवढाच झाला की बोलणं कमी झालं. पूर्वी मी पॉझिटिव्ह रिपोर्ट सांगून लगेच पुढची माहिती द्यायला लागायचे, औषधं, आहार, जोडीदाराची तपासणी. आता मी सांगून थांबायचे. समोरच्याच्या कानात अजून घंटा वाजतेय, हे मला आता माहीत होतं.

ती रोज फोन करायची, साधारण दुपारी. "जेवलात का?" एवढंच आधी. मग गोळीने चक्कर येते, गोळीने भलती स्वप्नं पडतात, असं सांगायची. स्वप्नात एकदा तिच्या गावची म्हैस माळ्यावर चढून बसली होती. त्यावर आम्ही दोघी फोनवर इतक्या हसलो की टेक्निशियन बघायला आला. मध्येच ती विचारायची, "तुमचं काही कळलं?" मी म्हणायचे, "अजून नाही." "कळेल," ती म्हणायची आणि फोन ठेवायची. मला माझ्या नात्यातल्या कोणी धीर दिला नाही, कारण मी कोणाला सांगितलंच नव्हतं. दिला तो तिने आणि मावशींनी. मावशींनी तर कुठल्याशा देवीला माझ्या नावाने नारळ बोलून ठेवला. मी म्हटलं, "मावशी, आम्ही बौद्ध, आम्ही नवस मानत नाही." त्यावर त्या म्हणाल्या, "तू मानू नको. नारळ माझो, देवी माझी. तुझा फकत नाव वापारलंय."

दुसऱ्यांदा रक्त दिलं त्या दिवशी मिस्टरांना सुट्टी मिळाली नाही, म्हणून ती आली. निकाल घ्यायला मी आत गेले. तिन्ही किट निगेटिव्ह. डॉक्टर बाईंनी खात्रीसाठी मागच्या वेळच्या रक्ताची वेगळ्या पद्धतीची, थेट विषाणू शोधणारी तपासणीही पाठवली होती, तीही निगेटिव्ह. मग आधी तसं का आलं? त्या म्हणाल्या, "कधी कधी येतं. कारण दर वेळी सापडत नाही." मी कारणाचा पिच्छा सोडला.

दार उघडून बाहेर यायला मला वेळ लागला. आत मोकळं मोकळं वाटत होतं आणि बाहेर ती बसली होती. तिला कुठल्या तोंडाने सांगणार? पण ती माझ्याकडे बघून उठलीच. "निगेटिव्ह ना?" मी मान हलवली. तिने मला भर व्हरांड्यात मिठी मारली. लोक बघत होते. "बघू दे," ती म्हणाली. "आता डोसा खाऊ घाला."

स्टेशनजवळच्या उडप्याकडे आम्ही मसाला डोसा खाल्ला. मी तिला विचारलं, "तुला वाईट नाही वाटलं? तुझं तसं, माझं असं."

तिने चटणीची वाटी पुसून खाल्ली. "वाटलं ना. काल रात्रीच वाटून घेतलं. म्हटलं, मॅडमचं निगेटिव्ह आलं तर आपण एकट्या पडलो. मग म्हटलं, मॅडमचं पॉझिटिव्ह आलं तर आपल्याला गोळ्यांची माहिती कोण देणार, त्या स्वतःच रडत बसतील. त्यापेक्षा निगेटिव्ह आलेलं बरं." आणि तिने वेटरला हाक मारून अजून सांबार मागितलं.

या गोष्टीला आता तीन-चार वर्षं झाली. मुलाला आम्ही नंतर सगळं सांगितलं. आधी का नाही सांगितलं म्हणून तो दोन दिवस फुगून बसला. दर तीन महिन्यांनी आम्ही पेटी घेऊन दिंडोशीच्या घरी जातो, दुपारची झोप झाल्यावर. तेव्हा तयार न झालेल्या दोघींपैकी एक आता स्वतः फोन करून विचारते, यावेळी कधी येताय? दुसरी अजूनही बोट देत नाही. आम्ही गेलो की ती माळ्यावर जाऊन गाणी लावते. तिलाही आम्ही आमच्यातलीच धरतो. आजूबाजूच्या दोन घरांतल्याही यायला लागल्यात. खोटी नावं अजून सांगतात, पण मावशी मागून खरं नाव ओरडतात. मग मावशींना गप्प करावं लागतं, की मावशी, नाव गुप्त ठेवायचंय.

सोलापूरकडचीच्या रक्तात आता विषाणू तपासणीत सापडत नाही, इतका दबलाय. औषध ती चुकवत नाही. अंगाने भरलीय, गाल वर आलेत. गेल्या खेपेला गेले तर ती हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं करत होती आणि मावशी तिला ओरडत होत्या की ह्या सोलापूरच्या जेवणान माझा पोट बिघडता. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मला पहिली वाटी दिली. टेक्निशियनला दुसरी. तो म्हणाला, "ताई, आधी तपासणी, मग माडगं." ती म्हणाली, "आधी माडगं. गार होईल." आम्ही भिंतीला टेकून बसलो आणि ते गरम माडगं फुंकर घालत प्यायलो.